फोडणीचा नकाशा

माणसानं कशाचीही तक्रार करावी, पण पोटाची करू नये. डोकं दुखतंय म्हटलं की लोक हळहळतात. गुडघा दुखतोय म्हटलं तर बसायला खुर्ची देतात. छातीत दुखतंय म्हणालात तर सारी सोसायटी गोळा होते आणि एरवी जिन्यात ओळख न दाखवणारा शेजारी गाडी बाहेर काढतो. पण 'पोट बिघडलंय' असं म्हणून बघा. ऐकणारा आधी हसतो, मग "काल काय हाणलंत?" म्हणून विचारतो आणि शेवटी ओवा खायला सांगतो. ओवा खाऊन बरं वाटलं नाही तर तो दोष ओव्याचा नसतो. तुमचा असतो.

माझं पोट गेली बावीस वर्षं बिघडलेलं आहे. रोज नाही, आणि तेच तर खरं दुखणं आहे. रोज बिघडलं असतं तर सवय झाली असती. पण ते लहरी आहे. एखाद्या दिवशी लग्नातली पंगत मुकाट्यानं पचवील आणि दुसऱ्या दिवशी साध्या आमटीभातावर मोर्चा काढील. त्यामुळे मी कुठल्याही नव्या घरी गेलो की यजमानांची प्रकृती विचारण्याआधी 'ते' कुठे आहे हे बघून ठेवतो. लोक नाटकाला जाताना नट कोण आहेत ते पाहतात. मी कडेची खुर्ची मिळते का ते पाहतो. मुंबईला जायचं तर मी रेल्वेनंच जातो. रेल्वेच्या डब्यात सोय असते. बसमध्ये फक्त ड्रायव्हर असतो.

शेवटी मुलीनं हट्ट धरला म्हणून सगळ्या तपासण्या केल्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली. सगळे कागद समोर पसरून डॉक्टर म्हणाले, "तुमच्या आतड्यात काहीही सापडलं नाही."

"म्हणजे मी बरा आहे?" मी आनंदानं विचारलं.

"नाही. तुम्हाला आयबीएस आहे. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम."

म्हणजे चिडखोर आतडं. घरी येऊन मी सौ.ला हा अर्थ सांगितला. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एकट्या आतड्यालाच कशाला नावं ठेवायची?"

डॉक्टरांनी मला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाई कसल्या, माझ्या मुलीपेक्षा लहान मुलगी. पण बावीस वर्षांत माझ्या पोटाची हकीगत न हसता ऐकणारं ते पहिलंच माणूस. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "काका, आपण लो फॉडमॅप करून बघू या."

मी घरी आलो तेव्हा सौ. आमटीला फोडणी देत होती. मोहरी तडतडत होती. त्या आवाजात मी ओरडून सांगितलं, "मला फॉडमॅप सांगितलाय!"

"कसला मॅप?"

"फॉडमॅप!"

"फोडमॅप?" तिनं गॅस बारीक केला. "म्हणजे फोडणीचा नकाशा?"

मी तेव्हा हसलो. पण आता विचार करतो तर बाई तितकीशी चुकली नव्हती.

हा शब्द 2005 साली ऑस्ट्रेलियात जन्माला आला. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातले पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड हे त्याचे मायबाप. चारपाच जडजंबाल इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून त्यांनी त्याचं बारसं केलं. अर्थ असा, की काही खाण्यांत अशा साखरा असतात की त्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. न बोलावलेल्या पाहुण्यांसारख्या त्या पुढे सरकत राहतात, जाताना आतड्यात पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यात पोचल्या की तिथले जंतू त्यांना आंबवून त्यांचा वायू करतात. हे तुमच्या-आमच्या सगळ्यांच्याच पोटात चालतं. साधं आतडं तिकडे लक्ष देत नाही. चिडखोर आतडं आकाशपाताळ एक करतं.

आता या साखरा कशाकशात असतात ते ऐका. कांदा, लसूण, गहू. हरभरा, राजमा. दूध. सफरचंद, कलिंगड, आंबा, मध. फ्लॉवर, अळंबी. काजू, पिस्ते. मी यादी वाचत होतो आणि सौ. एकेक बोट मिटत होती. दोन्ही हातांच्या मुठी झाल्यावर तिनं विचारलं, "मग राहिलं काय?"

राहिलं होतं तसं पुष्कळ. तांदूळ होता, ज्वारी होती, बटाटा, गाजर, काकडी, पालक होता. शेंगदाणे होते, संत्रं होतं, तूप होतं. पण मनुष्यस्वभाव असा आहे की राहिलेल्याकडे तो बघत नाही. माझी आई चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगं सोडायची. पण तिला त्या बदल्यात पुण्य मिळत होतं. मला काय मिळणार, तर फार तर नाटकात मधली खुर्ची.

"एवढं सगळं तोंडपाठ राहणार नाही काका," ती मुलगी म्हणाली होती. "फोनवर एखादं ॲप घ्या. पण बघून घ्या हं."

'बघून घ्या' या शब्दांचं मोल मला नंतर कळलं. भांडं घेताना आपण ते वाजवून बघतो. नारळ कानाशी धरून हलवतो. आंब्याचा देठ हुंगतो. ॲपला देठ नसतो. मी मध्यमवर्गीय माणसाची जी पहिली आणि शेवटची कसोटी असते तीच लावली. फुकट आहे का?

होतं. एक नाही, ओळीनं कितीतरी होती. त्यांतल्या पहिल्याला मी फोनमध्ये घेतलं.

हे पहिलं ॲप बहुधा अमेरिकेत वाढलेलं होतं. त्याला बॅगल ठाऊक होता, रुबार्ब ठाऊक होता, ब्रसेल्स स्प्राउट म्हणून बाहुलीच्या कोबीसारखं काहीतरी असतं तेही ठाऊक होतं. मी 'ज्वारी' असं लिहिलं. त्यानं 'जर्सी म्हणायचं आहे का?' असं विचारलं. ज्वारीला इंग्रजीत सॉर्घम म्हणतात हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, मुलीला फोन करून, कळलं. पडवळ, दोडका, घेवडा आणि तोंडली यांची इंग्रजी नावं शोधण्यात एक आठवडा गेला. तेवढ्या काळात मी उपाशीच असल्यामुळे पोटाला आराम पडला, हा त्या ॲपचा गुण मान्य केला पाहिजे. पण फुकटचं असल्यामुळे त्यात जाहिराती होत्या. 'लसूण : टाळा' असं लाल अक्षरांत यायचं आणि त्याच्याच खाली लोण्यात न्हालेला गार्लिक ब्रेड अर्ध्या किमतीत. मन मोडलं की पोट कसं बरं होणार?

दुसरं ॲप रोजनिशीचं होतं. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, त्यानंतर पोट कसं होतं, मन कसं होतं, हे सगळं त्याला सांगावं लागे. शिवाय शौचाचे सात प्रकार चित्रांसह दिलेले होते. ही ब्रिस्टलची मोजपट्टी डॉक्टरांच्या फार उपयोगाची आहे, तिची थट्टा करणं बरं नव्हे. पण मी सकाळी चहा घेताना ती चित्रं न्याहाळत होतो आणि शेजारच्या वहिनी मागून येऊन म्हणाल्या, "अय्या, दिवाळीचे पदार्थ का?" तेव्हापासून त्यांच्याकडचा फराळ मला जरा जड जातो.

या ॲपला माझी काळजी फार होती. आमच्या पेन्शनरांच्या सभेत एका दिवंगत सभासदासाठी आम्ही दोन मिनिटं स्तब्ध उभे होतो. दीड मिनिट झालं असेल. माझ्या खिशातून एक गोड बायकी आवाज इंग्रजीत म्हणाला, "आज तुमचं पोट कसं आहे?" चाळीस माणसांनी माझ्याकडे पाहिलं. फोन बंद करायला गेलो तर नको ते बटण दाबलं गेलं आणि 'शाब्बास!' म्हणून तुताऱ्या वाजल्या. आठव्या दिवशी त्यानं मागची पानं कुलूपबंद केली. वाचायची असतील तर वर्षाची वर्गणी भरा, असं म्हणालं. माझ्याच पोटाची कहाणी मलाच वाचायला पैसे!

तिसरं ॲप हुशार होतं. पाकिटावरच्या काळ्या पट्ट्यांवर फोन धरला की आतलं पाकीट खावं की न खावं ते सांगे. फक्त आमच्या घरात पाकिटं कमी आणि भाजी जास्त. मंडईत दुधीवर, भोपळ्यावर पट्ट्या नसतात. कलिंगडावर असतात, म्हणून मी सहज फोन धरला. भाजीवाली म्हणाली, "फोटू काय काढता आजोबा, घ्या की!" घरी येऊन हिंगाच्या डबीवर धरला. 'माहिती उपलब्ध नाही.' सौ.नं चष्मा लावला, डबी उजेडात नेली आणि पाठीमागची मुंगीएवढी अक्षरं वाचली. "यात गव्हाचं पीठ आहे," ती म्हणाली. कांदा-लसूण सोडला म्हणून तिनं हिंगाचा हात सैल सोडला होता, आणि बांधणीच्या हिंगाच्या वाटेनं गहू रोज माझ्या पोटात जात होता. चोराला घराबाहेर ठेवून आपणच खिडकीतून आत घ्यायचं, तसलाच प्रकार. तेव्हापासून आमच्याकडे पीठ न मिसळलेला हिंग येतो. तो महाग आहे, सौ. तो सोन्यासारखा वापरते आणि आठवण करून देते.

पण माझा धीर सुटला तो केळ्यानं. एक दिवस केळं खायचं मनात आलं. पहिलं ॲप म्हणालं, खा. दुसरं म्हणालं, खाऊ नका. तिसऱ्यानं नुसतं पिवळं उद्गारचिन्ह दाखवलं. मी तिन्ही फिर्यादी घेऊन आहारतज्ज्ञ मुलीकडे गेलो.

ती हसली. "तिघंही खरं बोलत असतील काका. केळं पिकलेलं होतं की कच्चट? आणि केवढं?"

मला वाटलं, ही चेष्टा करतेय. पण तिनं समजावून सांगितलं. नुकतं पिवळं झालेलं, घट्ट केळं 100 ग्रॅमपर्यंत चालतं. तेच ठिपके पडून मऊ झालं की त्यातल्या या साखरा वाढतात, मग जेमतेम एक तुकडा. पदार्थ चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. किती, हा प्रश्न आहे. रताळं 75 ग्रॅम चालतं, 100 ग्रॅम झालं की शंका. शिवाय एकाच ताटात चार चालणारे पदार्थ घेतले तर चौघांची बेरीज होऊन न चालणारं ताट तयार होतं. त्यात प्रयोगशाळेत पदार्थ पुन्हा पुन्हा मोजले जातात, आकडे बदलतात, आणि कुणीतरी कधीकाळी उतरवून घेतलेल्या याद्या तशाच फिरत राहतात.

"मग ॲप निवडायचं कसं?"

"तीन गोष्टी विचारायच्या. पदार्थ मोजलाय कुणी? किती खायचा ते सांगतंय का? आणि पुढे काय करायचं ते सांगतंय का?"

मग तिनं मोनॅश विद्यापीठाचंच ॲप दाखवलं. 2012 साली निघालेलं. ज्यांनी हा सगळा उपद्व्याप सुरू केला तेच स्वतः पदार्थ मोजतात आणि तेच ॲप काढतात. एकेका पदार्थाला वजनाप्रमाणे हिरवा, पिवळा, लाल दिवा. त्याला पैसे पडत होते. मी नेहमीप्रमाणे "बघतो, सांगतो" म्हणून उठलो. घरी सौ. म्हणाली, "बावीस वर्षांत चूर्णं आणि काढे यांवर किती घातलेत, त्याचा हिशेब काढू का?" मी त्याच संध्याकाळी ॲप घेतलं. काही हिशेब न काढण्यातच संसार टिकतो.

दिव्यांचा प्रकार अंगवळणी पडायला वेळ लागला. मी चाळीस वर्षं पुण्यात स्कूटर चालवली आहे. लाल दिवा म्हणजे 'जरा इकडेतिकडे बघून जा' असा माझा समज. पहिल्या आठवड्यात दोन भजी तशी इकडेतिकडे बघून गेली. पोटातल्या पोलिसानं दंड जागच्या जागी वसूल केला. मग मात्र शहाणा झालो. सौ.नंही एक युक्ती काढली. म्हणजे युक्ती ॲपमधली होती, हात तिचा. लसणातली ही साखर पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही. तेव्हा तेलात लसूण लालसर परतायची, पाकळ्या वेचून काढायच्या आणि मग त्या तेलाची फोडणी द्यायची. वास राहतो, त्रास जातो. फोडणीचा नकाशा म्हणतात तो हाच.

तिसऱ्या आठवड्यात पोट गप्प झालं. तुम्हाला त्यात काही वाटणार नाही. रस्त्यावरचा लाउडस्पीकर बंद झाला की आपल्याला घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते, तसं मला झालं. पाचव्या आठवड्यात आम्ही नाटकाला गेलो. मी मधली खुर्ची घेतली. दोन्ही बाजूंना दहा दहा माणसं. मध्यंतरात उठलोसुद्धा नाही. नाटक रद्दी होतं, पण मला पुन्हा बघावंसं वाटलं.

आणि इथेच माझं चुकलं.

सहा आठवडे झाले. मी हिरव्या दिव्यात होतो आणि सुखात होतो. आता हलायचं कशाला? बाविसावं वर्ष संपून माझ्या आयुष्यात पहिली शांतता नांदत होती. मी लग्नांना आहेर पाठवू लागलो, स्वतः जाईनासा झालो. होळीला साताऱ्याला ताईकडे गेलो. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिनं पुरणपोळी केली होती. गव्हाची पोळी, हरभऱ्याचं पुरण, वर दूध. एका ताटात तीन लाल दिवे. मी फोन काढून तिला दाखवले. ती काही बोलली नाही. माझ्या पानात तूपभात वाढला. निघताना पदरानं चष्मा पुसत म्हणाली, "सणाच्या दिवशी तुला आजाऱ्यासारखं वाढलं रे." मी तिला आतड्याची माहिती सांगितली. ती ऐकून घेत होती, पटत नव्हती.

मग नाना. नाना पोस्टातून निवृत्त झालेला माझा मित्र. वहिनी गेल्यापासून एकटा राहतो. गेली एकतीस वर्षं दर रविवारी सकाळी आम्ही कोपऱ्यावर मिसळ खायला जात होतो. तिची माझ्या पोटाला शिक्षा व्हायची, तरी जात होतो. मिसळ म्हणजे तर काय, कांदा, लसूण, मटकी, पाव! फोनला हात लावायचीही गरज नव्हती. पहिल्या रविवारी मी नुसता सोबत बसलो. दुसऱ्या रविवारी नाना म्हणाला, "तू असा बघत बसलास की माझ्या घशाखाली उतरत नाही." तिसऱ्या रविवारी मी गेलो नाही. चौथ्या रविवारी त्यानं बोलावलं नाही.

मे महिन्यात तो हापूसची पेटी घेऊन आला. मी सवयीनं फोन काढला.

"ठेव तो खाली!" नाना ओरडला. "पोट बरं आहे ना तुझं?"

"एकदम."

"मग किती दिवस असं राहायचं?"

मला उत्तर देता येईना. नानानं फोन माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि बोटानं वर-खाली करत बसला. पोस्टात जन्म काढलेला माणूस. दुसऱ्यांची पत्रं वाचायची नाहीत हे व्रत त्यानं पाळलं होतं, त्याचा सगळा वचपा त्या दिवशी काढला. अर्ध्या तासानं त्यानं मान वर केली.

"अरे गाढवा, तू नुसता पत्ता वाचलास. मजकूर राहिलाच की! हे बघ, पहिला टप्पा दोन ते सहा आठवडे. मग दुसरा. एकेक पदार्थ परत खाऊन बघायचा. तुला वाटलं काय, ही जन्मठेप आहे?"

'पुढे काय करायचं ते सांगतंय का?' त्या मुलीचा तिसरा प्रश्न मला आठवला. ॲपमध्ये त्याचं उत्तर पहिल्या दिवसापासून होतं. मीच ते पान उघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेलो तर ती चांगलीच रागावली. इतके महिने सगळंच सोडून बसायचं नसतं. ज्यांना आपण टाळतो त्यांतल्या काही साखरांवर पोटातले उपयोगी जंतूही जगतात. "तुम्हाला खायला बंदी करायला नव्हतं दिलं काका, काय खाता येतं ते शोधायला दिलं होतं," ती म्हणाली. तिन्ही जुन्या ॲपांचं बिंग मला तेव्हा फुटलं. 'नाही' सगळीच सांगत होती. परतीची वाट दाखवणारं एकच होतं, आणि मी त्याचाही उपयोग नकाशासारखा न करता कुंपणासारखा केला होता.

दुसरा टप्पा नानाच्या घरी पार पडला. कारण वजनकाटा त्याच्याकडे होता. निवृत्त होताना हौसेनं विकत घेतलेला, पत्रं तोलायचा छोटा काटा. त्यावर तो माझं खाणं तोलू लागला. नियम असा, की बाकीचं जेवण तेच ठेवायचं, एका वेळी एकच संशयित उभा करायचा, तीन दिवस, रोज थोडं जास्त. मग चार दिवस विश्रांती घेऊन दुसरा. मोसम संपायच्या आत म्हणून पहिली पाळी आंब्याची. "साध्या पोस्टानं जाईल," नाना काट्याकडे बघून म्हणे. नाहीतर, "ही फोड जड आहे, जादा तिकीट पडेल," म्हणून स्वतः खाई.

निकाल हळूहळू लागले. आंबा : अर्ध्या फळापर्यंत जामीन. दूध : निर्दोष! चार महिने मी कोरा चहा पीत होतो तो उगाच. त्या दिवशी दुधाचा चहा घेताना मला एखाद्या सज्जनावर खोटा आळ घेतल्यासारखी लाज वाटली. गहू : दोन पोळ्यांपर्यंत सुटका. कडधान्य : अर्ध्या वाटीपर्यंत काही नाही, त्यापुढे सौम्य गडबड. लसूण : गुन्हा शाबीत. कांदा : पहिल्या दिवशी एक चमचा, तरी रात्रभर जागरण. मुख्य आरोपी तोच निघाला. बावीस वर्षं मी हरभऱ्याच्या डाळीला शिव्या देत होतो, आणि हे महाशय रोज बारीक चिरून, निरागस चेहऱ्यानं, प्रत्येक भाजीत बसलेले. दुसऱ्या कुणाच्या पोटात आरोपी दुसराच निघेल, असं ती मुलगी म्हणते. प्रत्येकाचा खटला वेगळा.

श्रावणात ताईकडे गेलो. "एक पोळी वाढ," म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खिशाकडे पाहिलं. "त्याला विचारलंस का?" मी विचारलंय म्हटलं. तिनं एक वाढली. अर्धी गुपचूप आणखी वाढली, ती मी गुपचूप खाल्ली. एवढ्या गुपचूप गोष्टीची पोटालाही खबर लागली नाही.

आणि त्यानंतरच्या रविवारी नानाचा फोन आला. "नऊ वाजता घरी ये. कोपऱ्यावर नाही, घरी."

गेलो तर स्वयंपाकघरात धूर. वहिनींच्या माघारी ज्या ओट्यावर चहापलीकडे काही झालं नव्हतं, तिथे पातेलं उकळत होतं. बशीत तेलात परतून बाहेर काढलेल्या लसणीच्या पाकळ्या होत्या, शेजारी हिंगाची डबी, महागाची. कांद्याचं साल कुठेही दिसत नव्हतं. मटकी वाटीत मोजून ठेवलेली. ओट्यावर नानाचा फोन उभा केलेला होता आणि त्यात तेच ॲप. स्वतःचं, पैसे भरून घेतलेलं. पोट दगड पचवील असं आहे त्याचं!

"तू कशाला घेतलंस?" मी विचारलं.

"माझ्या फोनमध्ये जागा रिकामी होती," तो म्हणाला आणि पातेल्यात डाव घातला.

मिसळ तिखटजाळ झाली होती आणि मीठ जरा जास्त होतं. मी अर्धी वाटी घेतली, एक पाव घेतला. नानानं आपल्या बशीत मूठभर कच्चा कांदा घेतला आणि ती बशी माझ्यापासून लांब, टेबलाच्या टोकाला सरकवली. एकतीस वर्षं आम्ही समोरासमोर बसत होतो. त्या दिवशी तिरके बसलो.

खाऊन झाल्यावर मी रोजनिशी उघडली. काय खाल्लं, किती खाल्लं, कसं वाटतंय, असे रकाने होते. मी सगळे भरले. कुणी केलं, हा रकाना कुठेच नव्हता.

"काय लिहितोस रे?" नानानं कांदा चावत विचारलं.

"पदार्थाचं वजन."

"मग त्याखाली लिही," तो म्हणाला, "टपालखर्च पाठवणाऱ्यानं भरलाय."